पावसापुरत्या मुंग्या

आक्का, तुझं सगळं उरकून मी तुझ्या गावाहून, तिकोणा पेठेहून, परत आलो, आणि काल सकाळी स्वयंपाकघरात मुंग्या निघाल्या. मोरीच्या कोपऱ्यातून वर, चुलीच्या मागून, फळीच्या खालच्या अंगाने थेट गुळाच्या डब्यापर्यंत. दोन बोटं रुंद रांग. पाऊस सरून महिना झाला. तुझ्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी केव्हाच जायला हवं होतं. मी सवयीने ओला फडका घेऊन आलो आणि उभा राहिलो. फडका फिरवायच्या आधी तू काहीतरी बोलायचीस, त्यावर मी काहीतरी बोलायचो, आणि तेवढ्या वेळात मुंग्यांचं निम्मं काम होऊन जायचं. काल कुणी काही बोललं नाही. पार्वती पीठ मळत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा परातीत हात घातला. मी फडका फिरवला. मुंग्या मेल्या. इतक्या सहज त्या या घरात कधी मेल्या नव्हत्या.

तू किती वर्षांची होतीस, कुणाच्या घरात पडलीस, किती कष्ट काढलेस, हे सांगणारे पेठेत पुष्कळ आहेत आणि ते सांगतही होते. मला तुझ्याशी मुंग्यांबद्दलच बोलायचं आहे. आपण बहीणभाऊ दुसऱ्या कशाबद्दल इतकं बोललोच नाही.

तू पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आलीस तो आषाढ होता. दाजी आदल्या हिवाळ्यात गेले होते, आणि त्या पावसात तुझ्या घराची मागली भिंत बसली. तुझ्या पुतण्याने, धोंडिबाने, तुला खिंडीपर्यंत बैलगाडीने आणलं आणि पुढे चालत. तुंगार्लीच्या वाटेवरच्या आमच्या घराच्या पडवीत तू उभी राहिलीस तेव्हा इरल्याखालूनही पाणी गळत होतं. काखेत गाठोडं, गाठोड्यात देव. तू म्हणालीस, "पावसापुरती आले रं महादू. धोंडीनं भिंत उभी केली की जाते."

मी म्हणालो, "बरं बरं, आधी आत ये, भिजशील."

खरं तर मी पार्वतीला आधीच सांगून ठेवलं होतं की आक्का आता इथेच राहील, कायमची. मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केली होती. तिलाही ते हवं होतं. फक्त तुला कुणी सांगितलं नाही. बहिणीला काय सांगायचं असतं त्यात, असं मला वाटलं. खोली दिसतेच आहे, अंथरूण दिसतंच आहे. डोळ्यांना दिसणारी गोष्ट पुन्हा तोंडाने सांगायची मला सवय नाही. मालधक्क्यावर मी पोत्यांची वजनं लिहितो. काट्यावर जे दिसतं ते लिहितो, पोत्याशी बोलत बसत नाही.

पेठेतही मुंग्या असतात, पण लोणावळ्याच्या पावसात त्या जशा घरात शिरतात तशा तू पाहिल्या नव्हत्यास. मृग लागला की जमिनीतून वर येतात, तोंडात पांढरी अंडी धरून. जोत्याच्या प्रत्येक फटीतून. माझी व्यवस्था तुला पहिल्याच दिवशी दिसली. जाळीच्या कपाटाच्या चारी पायांखाली वाट्या, वाट्यांत पाणी, पाण्यावर चमचाभर रॉकेल. उंबऱ्यावर चुन्याची रेघ. फळीवर हळद आणि हिंग. तू कपाटाभोवती एक फेरी मारलीस आणि पार्वतीला विचारलंस, "ह्येच्या पायात वाळं कुनी घातलं गं? बारसं हाय का कपाटाचं?"

पार्वती हसली ती हसलीच. मला राग आला.

"आक्का, मुंग्या चढू नयेत म्हणून आहे ते."

"अरं, त्यांच्या घरात पानी शिरलंय. कुटं जातील? पावसापुरत्या आल्यात. पाऊस सरला की आपल्या पायानं जातील."

आपलं भांडण तिथून सुरू झालं. मी म्हणायचो, एकदा वाट सापडली की मुंगी ती वाट सोडत नाही. तू म्हणायचीस, कोरडं झालं की जाते. एकदा मी साखरेचा डबा संध्याकाळी तोलून ठेवला आणि सकाळी पुन्हा तोलला, मुंग्या किती नेतात ते पाहायला. काटा जिथल्या तिथे. तू पाठीमागे येऊन उभी होतीस.

"काय म्हनतोय काटा?"

"काही फरक नाही."

"म्हंजी तुझ्या काट्याला कळत न्हाई, अन् त्यांचं प्वाट भरतंय. मग नुसकान कुनाचं झालं?"

"नुकसान वजनाचं नाही आक्का. मेलेल्या मुंग्या चहात येतात."

"गाळून पी. मोटा सायेब झालास ते!"

मी तो चहा गाळूनच प्यायलो. अजूनही गाळूनच पितो. पण त्यामुळे तुझं बरोबर ठरत नाही, हेही सांगून ठेवतो.

कारण तुझी रीत काही कमी फसली नाही. तू करवंटीत गुळाचा खडा ठेवून ती मोरीपाशी मांडायचीस. करवंटी काळी झाली की दोन बोटांच्या चिमटीत धरून घराबाहेर उंबराखाली नेऊन ठेवायचीस. "हितं बसा आता, घर सोडा आमचं," असं त्यांना सांगायचीस. मी म्हणालो, त्याच मुंग्या परत येतात. तू म्हणालीस, त्या न्हवं, दुसऱ्या. तेव्हा मी खात्री करायचं ठरवलं. पार्वतीच्या करंड्यातलं कुंकू चिमूटभर घेतलं आणि तू करवंटी उचलायच्या आधी वरून फुंकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीमागे रांग निघाली आणि तिच्यात लाल पाठीच्या मुंग्या स्पष्ट दिसत होत्या. मी तुला हाक मारून आणलं. म्हटलं, बघ.

तू खाली वाकून पाहिलंस. मला वाटलं, आता तरी हरलीस. तू सरळ झालीस, कमरेवर हात ठेवलास आणि म्हणालीस, "बघ की. तू हाकलल्यास, तर सवाष्णी होऊन आल्या. आता तर वटी भरूनच वाटंला लावायला पायजेत."

आक्का, दाजींना जाऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. तुझ्या कपाळाकडे मला पाहवेना, आणि तू पदर तोंडाला लावून हसत होतीस. मीही हसलो. त्या पावसाळ्यात आपण तिघं जितकं हसलो तितकं या घरात नंतर कधी हसलो नाही. मी घरातला मोठा, मालधक्क्यावर मोठा, मला अरे म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. तू आलीस आणि सकाळ-संध्याकाळ अरं, व्हय रं, गप रं सुरू झालं. त्याचं मला किती बरं वाटायचं, हे मी कुठे बोललो नाही.

मग तो आश्विनातला दिवस.

दसरा होऊन गेला होता. पाऊस थांबला होता, अंगणात धूळ उडायला लागली होती. मुंग्या मात्र होत्या तशाच. त्यातही लाल, चावऱ्या. आमची सुमन तेव्हा पाळण्यात होती. दुपारी ती अशी काही किंचाळली की पार्वती हातातलं टाकून धावली. पाळण्याच्या दोरीवरून मुंग्या उतरल्या होत्या, ओठांवरच्या दुधासाठी. हनुवटीखाली, मानेला, दंडाला लाल गांधी उठल्या होत्या. मी घरीच होतो. चुलीवर आंघोळीच्या पाण्याचं पातेलं उकळत होतं, ते फडक्याने उचललं आणि भिंतीच्या ज्या भेगेतून त्या निघत होत्या तिच्यात ओतलं. ओतता ओतता मी ओरडत होतो. काय ओरडलो ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"पावसापुरत्या म्हणे! पावसापुरत्या म्हणून आल्या आणि घर करून बसल्या. आता काढायलाच पाहिजेत!"

मागे वळलो तर तू दारात होतीस. हातात सूप होतं, सुपात तांदूळ. किती वेळ उभी होतीस मला माहीत नाही. तू म्हणालीस, "व्हय. काढायलाच पायजेत." आणि आत जाऊन सुमनला मांडीवर घेतलंस. तिच्या अंगाला खोबरेल लावत बसलीस. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट मनात आलं, चला, आज आक्काने माझं म्हणणं मान्य केलं.

चार दिवसांनी तू गाठोडं बांधलंस.

"भात कापाय आलं आसंल. धोंडी येकटाच हाय."

पार्वती म्हणाली, "वन्सं, भात अजून हिरवं असेल. इतक्यात कुठं?"

"कापनीच्या आदी खळं सारवाय लागतं गं. घर बी सारवाय लागंल. भिंत नवी हाय."

मी तुला मळवलीपर्यंत आगगाडीने आणि पुढे लोहगडवाडीच्या बाजूने खिंडीपर्यंत पोचवायला आलो. वाटेत तू सुमनच्या गांधी बसल्या का ते विचारलंस, मला सुट्टी कधी ते विचारलंस. खिंडीत धोंडिबा बैलगाडी घेऊन उभा होता. तू गाडीत बसलीस. मी घरी येऊन जेवायला बसलो तेव्हा पार्वती वाढता वाढता म्हणाली, "तुमच्या त्या बोलण्याने गेल्या त्या."

"कुठल्या बोलण्याने?"

तिने सांगितलं. माझा घास हातातच राहिला. मी म्हणालो, "अगं, मी मुंग्यांना बोललो."

"ते मला कळतंय. त्यांना सांगा."

आक्का, एवढंच करायचं होतं. पाच शब्दांचं काम. पण मी ते तोलत बसलो. तुझ्या मनात तसं काही आलंच नसेल, तू खरोखरच खळ्यासाठी गेली असशील, आणि मी येऊन म्हणालो, "आक्का, ते तुला नव्हतं हो," तर? तर ज्या गोष्टीचा तुला वासही नव्हता ती मीच तुझ्या मनात घातली असं होईल. तू म्हणशील, मला न्हवतं हे सांगाय येवढा डोंगर उतरून आलास, म्हंजी कायतरी आसंलच. आणि तुझ्या मनाला लागलं असेल तर माझ्या सांगण्याने ते निघेल, याची खात्री कुठे होती? दोन्ही बाजूंनी विचार केला, आणि दोन्ही बाजूंनी गप्प राहणंच जड भरलं. आता वाटतं, माझा काटाच चुकीचा होता. पार्वतीने न तोलता जे सांगितलं ते बरोबर होतं.

पुढच्या आषाढात तू आपणहून आलीस. लावणी उरकून, नव्या भिंतीचं घर धोंडिबाच्या ताब्यात देऊन. मला केवढा हलकेपणा वाटला! म्हटलं, लागलं असतं तर आली असती का? पण पडवीत पाय ठेवताच तू म्हणालीस, "पावसापुरती आले," आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गेलीस. त्याच्या पुढच्या वर्षी तसंच. त्यानंतरही तसंच. इतकी वर्षं तू या घरात आलीस, पण एकही दिवाळी तू आमच्याकडे केली नाहीस. कापणी हे कारण दर वर्षी खरंच असायचं, त्यामुळे मला कधी काही सिद्ध करता आलं नाही. एकदाच मी विचारलं होतं, तेही पार्वतीने कोपराने ढोसलं म्हणून.

"आक्का, यंदा राहा की. कायमचीच राहा."

तू तांदूळ निवडत होतीस. मान वर केली नाहीस. "पाऊस सरला की मानसानं आपल्या घरी आसावं."

यात काय होतं, आक्का? काही होतं की नव्हतं? तुझा आवाज नेहमीसारखाच होता. तू तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकलास. मी पुढे विचारलं नाही.

मग लढाई आली. साखर कार्डावर, रॉकेल कार्डावर. दिव्यालाच पुरेना, तर वाट्यांत कुठून घालणार? माझी सगळी व्यवस्था कोरडी पडली. तू आलीस, कपाटाकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "लढाईनं वाळं काढून न्हेलं व्हय?" मी मुकाट्याने माळ्यावरून करवंट्या काढून दिल्या. त्या पावसाळ्यात तुझ्या गुडघ्यांनी दगा दिला होता. त्यामुळे करवंटी तू भरायचीस, आणि उंबरापर्यंत दोघांनी मिळून न्यायची. माझ्या एका हातात छत्री, दुसऱ्या हातात तुझा दंड, तुझ्या दोन्ही हातांत करवंटी. शेजारचे पाहत असतील तर त्यांना वाटलं असेल, या घरात कसलंसं व्रत आहे. करवंट्यांनी मुंग्या कमी झाल्या का? नाही झाल्या. फार तर दिवसभर मंदावायच्या. पण मी एकही दिवस चुकवला नाही, आणि तूही, गुडघे दुखत असताना, एकही दिवस "आज ऱ्हाऊ दे" म्हणाली नाहीस.

एका सकाळी असेच निघालो होतो. पाऊस बारीक होता. उंबराखाली पोचल्यावर तू करवंटी खाली ठेवायला वाकलीस आणि मुंग्यांना म्हणालीस, "बसा बायांनो. आन् येत चला. आमचा महादू वरडतो, पर मनानं वाईट न्हाई."

माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. याहून चांगली जागा मिळणार नव्हती. मी म्हणालो, "आक्का..."

"काय रं?"

"काही नाही. करवंटी सरळ ठेव. कलंडेल."

तू माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलंस. मग छत्री माझ्या हातातून घेऊन माझ्याच डोक्यावर नीट धरलीस. आपण परत आलो.

या वर्षीही तू दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच गेलीस. गुडघ्यांमुळे आता चालत जमणार नव्हतं, म्हणून मी लोणावळ्याहूनच गाडी ठरवली. तू त्यावरही बोललीस, की मानसाला मानसानं पोत्यागत चढवायचं म्हंजी काय. कार्तिकात धोंडिबाचा निरोप आला की तुला ताप आहे. मी त्याच दुपारी निघालो. पोचलो तेव्हा तू गेली होतीस. अंगणात भाताच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. खळं खरंच सारवलेलं होतं.

मी धोंडिबाला विचारलं, "काही बोलली का?"

"काय न्हाई मामा. पानी मागितलं, दिलं."

"माझ्याबद्दल?"

त्याने आठवून पाहिलं. माणूस खोटं बोलणारा नाही. "तुमचं नाव काडलं, म्हनाली महादूला सांगावा धाडा. आनिक इशेष काय न्हाई."

दहाव्याला पवनेच्या काठावर पिंड ठेवायच्या आधी बायका आपसांत बोलत होत्या. मूलबाळ नसलेली बाई, हिचा जीव कशात ना कशात अडकला असणार, कावळा वेळ लावणार. शेजारची मावशी म्हणाली, म्हशीत अडकला असंल, म्हैस इकनार न्हाई म्हनून सांगा. कुणी म्हणालं, धोंडीच्या पोरीचं लगीन. धोंडिबा ते सगळं ध्यानात ठेवत होता, एकेक कबूल करायला.

मीही माझं ठरवून आलो होतो. त्या काठावर माणसं मेलेल्याशी मोठ्याने बोलतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. जगात तेवढी एकच जागा आहे. लोकांनी म्हैस सांगून पाहावी, लग्न सांगून पाहावं, कावळा येणार नाही. मग मी पुढे होईन आणि सगळ्यांच्या देखत म्हणेन, "आक्का, ते मी मुंग्यांना बोललो होतो. ती खोली पहिल्या दिवसापासून तुझी होती." पिंडाकडे चालत जाताना मी ते ओठांत म्हणून पाहत होतो. इतकी वर्षं जे जमलं नाही ते आता पाचपन्नास माणसांत जमणार होतं, आणि जमणार याबद्दल मला शंका नव्हती.

धोंडिबाने पिंड ठेवला, हात जोडले आणि मागे सरला. आम्ही पुरते मागे झालोही नव्हतो, तोच समोरच्या बाभळीवरून कावळा उतरला, दोन उड्या मारून पुढे आला आणि शिवला. म्हशीचं नाव निघालं नाही, लग्नाचं निघालं नाही. धोंडिबाने डोळे पुसले. मावशी म्हणाली, "लय पुन्यवान बाई. कशात म्हनून जीव न्हाई ऱ्हायला." सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालं, "भाऊ, सुटली तुमची भैन."

मी मान हलवली. तुला काही लागलंच नव्हतं, की लागून तू केव्हाच सोडून दिलं होतंस, की माझ्याकडून तुला काही ऐकायचंच उरलं नव्हतं, हे मला आता कधीच कळणार नाही. लोक नदीत पाय धुऊन गावाकडे वळले. एवढ्या माणसांत कावळ्याने थोडा उशीर करायला हवा होता, असं वाटणारा मी एकटाच होतो.